आई वाचायची ते सहा आकडे

हे मी आजवर कुणापुढे बोललेलो नाही. बायकोपुढे नाही, काकांपुढे नाही, दोस्तांपुढे तर नाहीच — एरवी माझ्या पोटात काही राहत नाही, हे त्यांना विचारा. पण हे राहिलं. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझ्या आईला ओळखत नव्हता.

गोष्ट एका मोबाइल गेमची आहे. हसू आलं ना? मलाही आलं असतं.

माझा धाकटा भाऊ नितीन पैठण रोडवर मोटारसायकलच्या अपघातात गेला. एकतीस वर्षांचा होता. त्याआधीचे चार महिने तो आईशी बोलत नव्हता. वैजापूरच्या एका मुलीशी त्याला लग्न करायचं होतं आणि आईने जातीवरून ते मोडून काढलं होतं. एका छताखाली, तिच्या हातची भाकरी खात, चार महिने अबोला — आणि मग तो गेलाच. दहाव्याला पैठणच्या घाटावर पिंडाला कावळा शिवेना. ज्याला जे सुचलं ते त्याने कबूल करून पाहिलं. आई नुसती हात जोडून उभी होती. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून उरकलं. तिच्या मनात ते जे बसलं, ते बसलंच.

नितीनचा फोन तिने देव्हाऱ्याशेजारी चार्जिंगला लावून ठेवला. त्याचं लॉक कुणालाच उघडता येत नव्हतं, पण ती म्हणाली म्हणून रिचार्ज मी चालू ठेवला.

आता माझं सांगतो. नितीन आणि मी एकच गेम खेळायचो, आपापल्या खात्यावरून. त्याचं खातं मीच काढून दिलेलं, त्यामुळे पासवर्ड मला ठाऊक होता. तो गेल्यावर दीडएक महिन्याने, कंपनीतली पहिली पाळी करून वाळूजहून आलो होतो, आतल्या खोलीत पडलो होतो. वाटलं, बघावं तरी त्याचा गडी कुठे उभा आहे ते. फक्त बघायचं होतं — खरंच का? असो. पासवर्ड टाकला. गेमने सहा आकडे मागितले. टू-स्टेप व्हेरिफिकेशन म्हणतात ते. आणि बाहेरच्या खोलीत, देव्हाऱ्याशेजारी, नितीनचा फोन वाजला.

आईला इंग्रजी येत नव्हतं, पण आकडे यायचे. लॉक न उघडताही ते वर दिसत. ती हळू आवाजात वाचत होती — चार, शून्य, शून्य, नऊ… मी भिंतीला पाठ लावून एकेक टाकत गेलो. गेम उघडला. नितीनचा गडी एका पुलावर उभा होता. त्याची छाती वरखाली होत होती, सगळ्यांच्याच गड्यांची होते तशी. मी बराच वेळ ती बघत बसलो.

बाहेर जाऊन ‘आई, ते मी आहे’ एवढंच म्हणायचं होतं. किती शब्द आहेत हे?

आई अडाणी होती असं समजू नका. गॅसवाल्याला ओटीपी तीच सांगायची. बँकेचा नंबर कुणाला द्यायचा नसतो, हेही तिला पाठ होतं. म्हणूनच तर ती फसली. संध्याकाळी मला म्हणाली, "ह्यो गॅसचा नाय. गॅसचा माझ्या फोनवर येतो. अन् कुणी आत यायला बघतं तवाच नंबर येतो, व्हय ना रे अरुण?"

मी व्हय म्हणालो. दुसऱ्या दिवसापासून ती दुपारी बाहेरच्या दाराला कडी लावेनाशी झाली.

मग ते रोजचं झालं. मी पाळीवरून यायचो, आत जाऊन पासवर्ड टाकायचो, बाहेर फोन वाजायचा, आई आकडे वाचायची. शेजारपाजारी कुणाला तिने कधी सांगितलं नाही — नंबर सांगायचा नसतो ना. पण घर दोन खोल्यांचं, मधे नुसता पडदा, आणि दुपारी बायको कामावर. तिचा आवाज बदलत गेला. आधी घाबरत वाचायची, मग लेकराशी बोलावं तसं. एकदा शेवटचा आकडा वाचून थांबली आणि म्हणाली, "ये, दार उघडंच हाय." पडदा वाऱ्याने हलला असेल. ती ज्याला बोलावत होती तो कोण होता — मीच ना?

आणि मी थांबलो का? नाही. त्या खात्यावर मी नितीन होतो. त्याच्या टोळीतली पोरं विचारत होती, भाऊ, कुठं होतास इतके दिवस? मी लिहिलं, गावाकडं. ती खूश झाली. नितीन सगळ्यांना आवडायचा, मी कुणाला फारसा आवडत नाही. तीन महिने मला त्याच्यासारखं सगळ्यांचं आवडतं होता आलं, आणि ते मला सोडवेना.

फक्त तो आवाज सहन होईना. म्हणून एके दिवशी मी सेटिंगमध्ये जाऊन टू-स्टेप बंद केलं. बंद करायलाही एक शेवटचा नंबर लागतो. तोही तिनेच वाचला, मी आत टाकला. आता फोन वाजणार नव्हता. मला हायसं वाटलं, हे लपवत नाही.

दुसऱ्या दुपारी मी आत खेळत होतो, नितीन होऊन. बाहेर आई फोनपुढे बसली. मला वाटतं मी झोपलोय असं तिने धरलं असावं. स्पष्ट म्हणाली, "नितू, माझं चुकलं. ती पोरगी घरात आणाया पायजे होती. माफ केलं असशील तर आज नंबर पाठव."

टू-स्टेप पुन्हा चालू करून नंबर पाठवायला दोन मिनिटं लागली असती. उठून खरं सांगायला त्याहून कमी. मी डाव पूर्ण केला. जिंकलो.

ती दिवेलागणीपर्यंत फोनसमोर बसून होती. दुसऱ्या दिवशीही. आठ दिवस मी हे पडद्याआडून पाहिलं. नवव्या दिवशी ठरवलं, चालू करू, एक नंबर तिला मिळू दे — खरं सांगायचं तेव्हाही ठरवलं नव्हतं, हे ध्यानात घ्या. पासवर्ड टाकला तर चुकीचा दाखवायला लागला. राखण मीच काढून टाकली होती, कुणीतरी परका आत शिरला होता. माझ्या खात्यावरून पाहिलं तर नितीन ऑनलाइन होता. मी रोज खेळून झाल्यावर ज्या पुलावर त्याला परत आणून उभा करायचो, तो पूल सोडून तो निघाला होता, आणि नितीन धावायचा तसाच भिंतीच्या कडेकडेने धावत होता. मी लिहिलं, कोण आहेस? बऱ्याच वेळाने उत्तर आलं — तू कौन?

मी गेम काढून टाकला.

आई त्यानंतर दोन वर्षं जगली. नंबराचा विषय तिने काढला नाही, मीही नाही. दाराला पुन्हा कडी लागायला लागली. गोड खायचं तिने सोडलं, कारण विचारलं तर मन नाही म्हणायची.

शेवटच्या आठवड्यात ती अंथरुणावरच होती. दुपारी मी जवळ बसलो होतो. ती छताकडे बघत म्हणाली, "नितूनं मला माफ नायच केलं, व्हय रे?"

मी म्हणालो, "पाणी देऊ का?"

ती नको म्हणाली.