वेशीत थांबलेली काँटेसा

पुंजाराम डेंटरला गाडीचं दुखणं कानानं कळायचं. नाशकात द्वारकेच्या चौकाजवळ याकूब उस्तादाचं गॅरेज होतं, तिथं तो पत्रा ठोकायचा. चेपलेली गाडी आली की आधी बोटानं टिचकी मारायची, मान तिरकी करून ऐकायचं आणि मग सांगायचं, "हिला आधी एकदा मार बसलाय. आत लांबी भरलीय. मालक खोटं बोलतोय." लांबी म्हणजे पत्र्यातले खड्डे बुजवायचा लगदा. पुंजारामला तिचा भयंकर राग. खड्डा काढायचा तर आतून ठोकून काढा. वरून लिंपून गुळगुळीत केलेलं काहीही घ्या, गाडी असो नाहीतर गाव, एका उन्हाळ्यात तडकतं.

मूळचा तो मनमाडच्या अलीकडच्या एका खेड्यातला, बौद्ध वस्तीतला. गावाचं नाव सांगायचं कारण नाही. तिथली माणसं अजून आहेत आणि बरीचशी आता सुधारलीत. लग्न झाल्यावर बायको लताबाईला घेऊन नाशकात आला आणि ट्रान्सपोर्टवर हमालीला लागला. एकदा याकूब उस्तादाच्या दारात ट्रक खाली करताना त्यानं सहज एका मडगार्डवर टिचकी मारली आणि म्हणाला, "हे फुटकं वाजतंय." उस्तादानं उलटून पाहिलं, तर आतून केसाएवढी चीर. उस्ताद मालेगावचा, त्याच्या तोंडात चार भाषा एकाच ताटात. म्हणाला, "अरे, कान सोने के हैं तेरे, आणि तू खांदे झिजवतोय?" त्या दिवसापासून हातात हातोडा आला तो कायमचा. पुंजाराम कुणापुढं वाकणारा नव्हता, पण उस्तादाचं नाव निघालं की त्याचा हात आपोआप छातीवर जायचा.

अठ्ठ्याण्णव साली ती आली. दुसऱ्या गाडीमागं टोचन लावून आली, डावं अंग पार चेचलेलं. काँटेसा. गडद निळी.

त्या दिवसांत रस्त्यावर पाहावं तिकडं चिंचोक्याएवढ्या गाड्या झाल्या होत्या. ही त्यांच्यात उभी राहिली ती कुस्तीच्या फडात मोठा पैलवान उभा राहावा तशी. लांबलचक बोनेट, रुंद छाती, मागं ऐसपैस डिक्की. थांबलेली असली तरी निघाल्यासारखी दिसायची. शाबूत बाजूचं दार पुंजारामनं लावून पाहिलं. धप्प. तांदळाचं पोतं जमिनीला टेकावं तसा आवाज. त्यानं दार पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. चौथ्यांदा लावलं तेव्हा उस्ताद ओरडला, "लगीन लावतोस का तिच्याशी? लताभाभीला सांगू?"

"रंग बघा ना उस्ताद. निळी आलीय."

"मग तुमचीच झाली की. हार घाल."

गाडी होती ज्योत्स्नाबाईंची. पंडित कॉलनीत राहणाऱ्या, निवृत्त मुख्याध्यापिका. गाडीचे शौकीन त्यांचे यजमान. ते गेले आणि वर्षभरात भाच्यानं ती झाडावर घातली. भंगारवाला दारात येऊन गेला होता. बाई गॅरेजात आल्या, छत्री टेकवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हे गाडी चालवताना उजवं कोपर खिडकीबाहेर टेकवायचे. त्या जागेचा रंग उडालाय. तेवढी जागा तशीच ठेवाल?"

पुंजारामनं मान हलवली. गाडीवर जीव जडतो म्हणजे काय जडतं, याचा एक नमुना त्याला तिथं मिळाला. बाईंचा जीव इंजिनावर नव्हता, वेगावर नव्हता, तळहाताएवढ्या उडालेल्या रंगावर होता. उस्तादाचा जीव पत्र्याच्या जाडीवर. "असला पत्रा आता कोण घालतो," म्हणून तो येता-जाता तिची पाठ थोपटायचा.

आणि पुंजारामचा?

ते समजायला एकोणऐंशी सालात जावं लागतं. त्या वर्षी त्याचं लग्न झालं. गावात शिरायला दगडी वेस, वेशीतून पुढं मारुतीसमोरचा पार, पाराला लागून पाण्याचा हौद. सगळ्यांच्या वराती तिथून जायच्या. वस्तीतल्यांच्या मात्र खालच्या वाटेनं, ओढ्याकडून. पुंजारामची वरातही तशीच गेली. नवी नवरी लताबाई सांडपाण्यातून शालू वर धरून चालली आणि बँडवाल्यानं बाजा काखेत मारला, कारण तिथं पाय ठेवायलाच जागा नव्हती, वाजवतो कुठं. त्या रात्री ती एवढंच म्हणाली, "माझ्या पायानं त्यांची वेस झिजली असती व्हय?" पुन्हा कधी बोलली नाही. पण नाशकात कुणाचंही लग्न असलं की परत येऊन विचारायची, "वरात कुठून नेली त्यांनी?"

तर या गाडीकडं पाहिलं की पुंजारामला वाटायचं, हिला मान खाली घालताच येत नाही. हिची ठेवणच तशी नाही. चोरवाटेनं न्यायचं म्हटलं तरी ही मावायची नाही.

रोजचं काम उरकून, रविवार घालून, त्यानं दोन वर्षं ती ठोकली. लांबीचं बोट लावलं नाही. आतून डोली, म्हणजे लोखंडी ठोकळा, धरायची, बाहेरून लाकडी हातोडा, पत्र्याला चुचकारत चुचकारत जुन्या जागी आणायचं. डावी बाजू उजवीसारखी वाजायला लागली तेव्हा कुठं रंगाला हात घातला. कोपराची जागा तशीच ठेवली.

दोन हजार एक सालच्या मे महिन्यात लेकीचं लग्न निघालं. संजना डी.एड. झालेली. मुलगा प्रफुल्ल, मनमाडला रेल्वेत क्लार्क. लग्न गावीच, वस्तीतल्या विहारासमोर. संजनानंच हट्ट धरला. पुंजाराम ज्योत्स्नाबाईंच्या दारात गेला. आयुष्यात कुणाकडं काही मागायला गेला नव्हता, त्यामुळं चहा संपला तरी शब्द फुटेना.

शेवटी बाईच म्हणाल्या, "मिस्त्री, मुलीच्या लग्नाला गाडी हवीय ना? तोंडावर लिहिलंय तुमच्या."

"व्हय बाई."

"न्या. अट एकच. चालवायची तुम्हीच."

गावात बातमी आधी पोचली. लग्नाच्या चार दिवस आधी खंडेरावांचा निरोप आला. खंडेराव म्हणजे गावातला वजनदार माणूस, द्राक्षबाग, दोन ट्रॅक्टर, पारावरची बैठक त्याच्यावाचून भरत नसे. निरोप मोठा गोड होता: वरात खुशाल काढा, कुणाची ना नाही. पण गाडी मोठी आहे, वेशीत बसायची नाही. घासली तर तुमचंच नुकसान. खालच्या वाटेनं न्या.

पुंजारामच्या डोक्यात सणक गेली. पण ओरडला नाही. दुसऱ्या दिवशी भर सकाळी, पारावर सगळी बसलेली असताना, गॅरेजातला टेप घेऊन तो वेशीत गेला. भाचा दिनेशला म्हणाला, "धर रे ते टोक." मापलं. वळून मोठ्यानं म्हणाला, "वेस नऊ फूट. गाडी साडेपाच. मधे साडेतीन फूट उरतात. ते कुणाच्या मनात अडकलेत तेवढं सांगा, तिथंही टेप लावतो."

खंडेराव पारावरून म्हणाला, "पुंज्याची जीभ नाशकात वाढली."

"काका, जीभ इथलीच हाय. टेप नाशकातला."

लग्न लागलं. दुपार कलली तशी वरात निघायची वेळ झाली. वस्तीतल्या पोरांनी आणि दिनेशनं गाडी सजवली होती, आणि काय सजवली होती! समोरच्या जाळीवर झेंडूच्या माळांचा हातभर जाड पडदा, त्यावर निळं कापड. पुंजारामनं चारी बाजूंनी फिरून पाहिलं. माळांच्या तारेनं रंगाला ओरखडा पडू नये म्हणून जिथं तिथं फडकं घातलं आणि समाधानानं बसला. पत्र्याचा माणूस, पत्रा वाचवला, वारा विसरला.

मागं संजना आणि प्रफुल्ल. लताबाई निरोपाला गाडीजवळ उभी. संजनानं आईचा हात धरला तो सोडेचना. "आई, तू बस ना. वेशीपर्यंत तरी."

"अगं, नवरीसंगं आई बसती व्हय कुठं?"

प्रफुल्ल आत सरकत म्हणाला, "मामी, बसा. जागा सोफ्यासारखी आहे. नाहीतर ही रडून मला भिजवील."

लताबाई बसली. डिक्कीत संसाराची नवी भांडी, नाव कोरलेली.

बँड पुढं, माणसं पुढं, त्यांच्या मागं गाडी माणसाच्या चालीनं. वैशाखाचं ऊन. वस्ती सोडून ती वरच्या रस्त्याला लागली, वेशीत शिरली. दोन्ही बाजूंना पावणेदोन-पावणेदोन फूट मोकळे. लताबाईनं काच खाली करून दगडाकडं पाहिलं. वेस ओलांडली, पार आला, हौद आला, आणि बोनेटखालून शूऽऽ करत वाफेचा लोट उठला. पुंजारामनं चावी फिरवून इंजिन बंद केलं.

बँड एकेक वाद्य करत थांबला. पारावरून कुणीतरी हसलं. "सांगितलं होतं, खालच्या वाटेनं न्या."

दिनेश खिडकीशी आला, घामेघूम. "मामा, मागं उतार हाय. सगळे मिळून ढकलू, वेशीबाहेर काढू."

पुंजारामच्या हातांनी स्टिअरिंग आवळलं. मागं ढकलायची म्हणजे वेशीत शिरलेली वरात उलटी बाहेर. वीस वर्षं गाव सांगत राहणार, आली होती आणि गेली. ठोकून काढता येणार नाही असा एकच खड्डा त्याला आयुष्यात दिसला, तो हा.

"मागं न्यायची नाय," तो म्हणाला. "पाणी पाहिजे."

पाणी आठ पावलांवर होतं. हौद सरकारी, कायद्यानं सगळ्यांचा. पण कायदा कागदावर राहतो आणि सवय माणसाच्या हातापायात. वस्तीतल्या कुणी त्यात आजवर भांडं बुडवलेलं नव्हतं. वस्तीची माणसं एकमेकांकडं पाहायला लागली. तेवढ्यात मागचं दार उघडलं. लताबाई उतरली. डिक्की उघडून तिनं संजनाची नवी कोरी कळशी काढली आणि हौदाकडं चालू लागली.

खंडेराव पारावरून उठला. "लताबाई, थांबा."

ती थांबली नाही. वाकली, कळशी बुडवली. बुडबुड आवाज सगळ्या गावानं ऐकला. भरलेली कळशी घेऊन वळली तेव्हा खंडेराव तिच्या समोर नव्हता. तो गाडीपुढं उभा होता आणि दोन्ही हातांनी झेंडूच्या माळांवर माळा ओरबाडून फेकत होता.

"थांबा म्हणतो ते यासाठी," तो पुंजारामवर खेकसला. "तापल्या इंजिनावर गार पाणी ओतलं तर तडकेल ना ते. आन् जाळी बुजवलीस, तिला वारा कुठून मिळायचा? पत्रा ठोकतोस आन् एवढं कळत नाय?"

पुंजाराम उतरला. काहीतरी तिखट बोलायचं होतं. पण माणूस खरं बोलत होता. "नाय कळलं," तो म्हणाला.

"अर्धा तास रेडिएटरचं झाकण उघडायचं नाय. हात भाजून घेशील." मग खंडेराव जरा घुटमळला, बोनेटवर हलकेच तळवा फिरवला. "पंधरा वर्षांमागं नाशकात एक अशीच पाहिली होती. काळी. तवापासून मनात होती. बाग लावली, ट्रॅक्टर घेतले, ही काय झाली नाय." आणि खालच्या आवाजात, "एकदा बसून बघू का, पुंजाराम?"

पुंज्या नाही, पुंजाराम. त्यानं ऐकलं. त्याचे कान सोन्याचे होते.

"बसा की काका. दार मात्र हळू लावा."

मग तो अर्धा तास. वरात दोन मिनिटांत वेशीतून निघून गेली असती; ती तिथंच ठाण मांडून बसली. बँडवाले पाराच्या सावलीत टेकले. पारामागच्या घरातली म्हातारी भागुबाई काठी टेकत आली, खिडकीतून आत डोकावली. "पोरी, कुठल्या इयत्तेला शिकिवणार तू?" संजना म्हणाली, चौथीला. "माझा नातू चौथीतच हाय. ठार ढ," भागुबाई म्हणाली आणि पदरातला पेढा तिच्या हातावर ठेवला. पोरं आरशात तोंडं बघून गेली. लताबाई पुन्हा मागच्या सीटवर बसली, कोपर खिडकीबाहेर टेकवून, आणि सगळा रस्ता, हौद, मारुती, वेस, सावकाश पाहत राहिली. तिला कसलीच घाई नव्हती.

अर्ध्या तासानं झाकण उघडलं, इंजिन सुरू केलं आणि कळशीतलं पाणी खंडेरावनंच जपून ओतलं. गाडी एकसारखी गुरगुरायला लागली. बँड उठला. पुंजारामनं खिडकीतून हात जोडले. पाणी कुणी दिलं म्हणून नव्हे. पाणी लताबाईनं घेतलं होतं, ते तिचंच होतं. पण माळा काढणारे हात त्या माणसाचे होते, आणि ज्याचं त्याला मानायला पुंजाराम कधी कमी पडला नाही.

गाडी परत करायला तो पंडित कॉलनीत गेला. मान खाली घालून म्हणाला, "बाई, एक डाग लागला. पाणी ओतल्यावर रिकामी कळशी टेकवताना मडगार्डला लागली." अंगठ्याच्या नखाएवढा खड्डा. "दहा मिनिटांचं काम. हातोडा आणलाय."

ज्योत्स्नाबाईंनी सगळी हकीकत ऐकली. मग चष्मा लावून त्या खड्ड्यावरून बोट फिरवलं, मग खिडकीच्या कडेला उडालेल्या रंगावरून.

"एक जागा यांची आहे," त्या म्हणाल्या. "एक तुमच्या बाईंची असू द्या."

पुढं कितीतरी वर्षं ती गाडी तेल बदलायला, पॉलिशला गॅरेजात यायची आणि उस्ताद गिऱ्हाइकांना दाखवायचा, "ये देखो, नाशिक का सबसे बडा डेंटर, आणि गाडीवर डेंट सांभाळून ठेवलाय." पुंजाराम हसायचा, पण त्या जागेला दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही.

एकदा लताबाई डबा घेऊन आली, तेव्हा त्यानं तिला तो खड्डा दाखवला. तिनं वाकून पाहिलं.

"माझ्या कळशीला पण पडलाय," ती म्हणाली. "संजू म्हणत होती, तांबटाकडून ठोकून घेते. मी म्हणलं, खबरदार."