कोरड्या पणत्या

"आधी पाणी आणा गे!" दारात कुणीही आलं की अक्का आत तोंड करून असा हुकूम सोडायची. आत कुणी नसायचं. घरात ती एकटीच, त्यामुळे हुकूम देणारीही तीच आणि उठून तांब्या भरून आणणारीही तीच. पाहुण्यानं दोन घोट घेतल्याखेरीज त्याचं काम ती ऐकून घेत नसे. मग आलेला माणूस वकील असो, नाहीतर पितळेची भांडी घासणारा असो.

अक्का वाती वळायची. कुंभकोणात आम्ही मराठी घरं तशी मूठभर, पण वाती म्हटलं की तमिळ घरांतूनही तिच्याकडेच निरोप यायचा. डाव्या हाताशी पिंजलेला कापूस, उजव्या हाताशी राखेची वाटी, आणि मांडीवर एक तळवा फिरला की वात तयार. दुसरीनं वळलेली वात कुणी दाखवली तर ती उजेडाकडे धरून बघायची आणि म्हणायची, "ही वात नव्हे रे, ही उंदराची शेपूट." एका बड्या वकिलाच्या बायकोला तिनं हे तोंडावर सांगितलं होतं. त्या बाई चिडल्या खऱ्या, पण पुढच्या आठवड्यापासून त्यांच्या देवघरात अक्काच्याच वाती जळू लागल्या.

एकदा पुण्याकडचे एक गृहस्थ आमच्याकडे उतरले होते. अक्काचं "ऐसें", "जैसें", "म्हणोन" ऐकून त्यांना हसू आवरेना. "ही कुठल्या काळातली मराठी हो?" त्यांनी विचारलं. अक्का शांतपणे म्हणाली, "तुमची रोज वापरोन झिजली. आमची ठेवणींतली आहे." मी आत जाऊन पोटभर हसून घेतलं.

पण तिचा खरा जीव होता तो विठोबाच्या देवळातल्या नंदादीपात. वीसेक वर्षं त्या दिव्याची वात तिच्या हातची असे. मार्गळीत, म्हणजे आपल्या धनुर्मासात, पहाटे दव पडत असताना ती कावेरीवर स्नान करून ओल्या लुगड्यानं देवळात जायची आणि पुजाऱ्याच्या हातात त्या दिवसाची वात ठेवायची. नवरा गेला, मूलबाळ नाही. "माझें एवढें एकच जळतें आहे," असं ती हसत हसत म्हणायची. तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेल. असेल तर तिला जपा, एवढंच सांगतो.

आता मूळ गोष्टीकडे येतो, आणि येताना आजही माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते.

गावातले काही वकील आणि पितळ-रेशमाचे व्यापारी यांनी एक कमिटी काढली. नाताळच्या सुट्टीत त्रिचनापल्लीहून आणि मद्रासेहून साहेबलोकांनी रेल्वेनं कुंभकोणास यावं, बंगल्यात उतरावं, देवळं पाहावीत, समया नि रेशीम विकत घ्यावं, आणि त्यासाठी गावातल्या महामखाच्या मोठ्या तळ्याभोवती, काठच्या सोळाही मंडपांवर, पायऱ्यापायऱ्यांवर दिव्यांची आरास करावी, अशी ती योजना. योजना वाईट नव्हती. मला चीड आली ती दुसऱ्याच गोष्टीची. त्याच मार्गळीत आमच्या बाया रोज पहाटे दारोदारी रांगोळी घालून दिवा ठेवतात. तो दिवा बघण्याजोगा आहे हे या शहाण्यांना कधी सुचलं नाही! साहेब येणार म्हटल्यावर सुचलं.

कमिटीचे सेक्रेटरीसाहेब वकील होते, त्यांच्याकडे मी कारकून होतो. नोकरी कच्ची, घरी दोन मुली. वातींचं काम अक्काकडे द्यावं हे मीच सुचवलं. ती हरखली. गल्लीतल्या सहा-सात बायांना तिनं हाताशी घेतलं, आणि एकेक वात स्वतः तपासून टोपल्या भरल्या.

टोपल्या पोहोचवायला ती माझ्याबरोबर आराशीच्या कंत्राटदाराच्या वखारीत आली. तिथे गवतात नव्याकोऱ्या पणत्यांचे ढीग होते. अक्कानं एक उचलली, नखानं वाजवली आणि विचारलं, "या भिजवणार कधीं?"

कोरी पणती दिवसभर पाण्यात ठेवावी लागते, नाहीतर ती माती तेल पिऊन टाकते आणि वात उपाशी राहते. हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. कंत्राटदाराला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? त्यानं माल उशिरा आणला होता आणि आरास दुसऱ्या दिवशी होती. तो तमिळमध्ये म्हणाला, "पाटी, तू वाती वळ. पणत्यांचं आम्ही बघतो." पाटी म्हणजे आजी. बोलण्यात मान होता, पण ऐकणं नव्हतं.

"आधी पाणी पाजा त्यांस," अक्का दारातून वळून पुन्हा म्हणाली. "मग तेल. मी सांगोन ठेवतें, मागून मला बोलूं नका."

मी हे सेक्रेटरीसाहेबांच्या कानावर घातलं. ते चष्मा पुसत म्हणाले, "स्वयंपाकघरातले नियम इथे लावायचे नसतात."

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला पणत्या लागल्या. काय सांगू, तळं उजळून निघालं! सगळं पाणी सोन्याचं झालं होतं. पण गाडी उशिरा आली. साहेबलोकांच्या घोडागाड्या तळ्याशी पोहोचेपर्यंत पणत्यांनी तेल शोषून घेतलं होतं आणि एकेक रांग विझत चालली होती. मडमांनी नाकाला रुमाल लावले. काळ्या पायऱ्यांवर नुसता जळक्या कापसाचा वास. बड्या साहेबानं कारण विचारलं, तेव्हा कंत्राटदार ताडकन म्हणाला, "वाती ओल्या होत्या." सेक्रेटरीसाहेबांनी मान डोलावली. खापर कुणाच्या तरी डोक्यावर फोडायचंच होतं.

सकाळी त्यांनी मला सरकारात पाठवायचा अहवाल सांगितला आणि मी तो इंग्रजीत लिहून काढला. त्यात वाती दमट व सदोष होत्या असं होतं, आणि वाती पुरवणाऱ्या बाईचं पूर्ण नाव होतं. मी वखारीत होतो, मी सगळं ऐकलं होतं. तरी ते सुवाच्य अक्षरात लिहिलं. दुसऱ्यांवर एवढं तोंड टाकतो आहे, तर हेही सांगायला हवं.

कमिटीतलेच एक गृहस्थ देवळाचे पंच होते. आठवड्याच्या आत त्यांनी अक्काला देवळाच्या दारात सांगितलं, "तुमचं नाव सरकारी कागदात आलं आहे. ते निघेपर्यंत वात आणू नका." वीस वर्षांत त्या दारातून ती प्रथमच हातातली वात घेऊन परत आली.

रडली नाही. दोन पणत्या घेतल्या, एक भिजवलेली, एक कोरी, आणि भर दुपारी सेक्रेटरीसाहेबांच्या ओसरीवर येऊन बसली. दोन्हींत सारखं तेल, दोन्हींत तिचीच वात. पेटवल्या आणि बघत बसली. पक्षकार जमले, वकील जमले, मीही होतो. कोरी पणती फडफडून विझली. दुसरी संथ जळत राहिली.

सेक्रेटरीसाहेब बाहेर आले. त्यांनी सगळं पाहिलं. समजलंही. म्हणाले, "बरोबर आहे बाई तुमचं. पण अहवाल आता गेला."

"गेला तर दुसरा पाठवा," अक्का म्हणाली. "टपाल बंद पडलें आहे काय?"

लोक हसले. सेक्रेटरीसाहेबही हसले आणि आत निघून गेले. शिपायानं जळती पणती फुंकली आणि ओसरी पुसून घेतली. माझ्याकडे अक्कानं एकदाच पाहिलं. मी कागद चाळू लागलो.

पुढच्या नाताळात आरास पुन्हा झाली. नियमांच्या यादीत पहिलाच नियम होता, पणत्या आदल्या दिवशी पूर्ण दिवस पाण्यात ठेवाव्यात. तोही मीच लिहिला. दिवे साहेबलोक परतेपर्यंत जळले, समया खपल्या, रेशीम खपलं. सेक्रेटरीसाहेबांच्या शास्त्रीय पद्धतीबद्दल त्यांना मागाहून आभाराचं पत्र आलं. शास्त्रीय पद्धत म्हणे!

आराशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मी अक्काकडे गेलो. महिनाभर ती अंथरुणावर होती. वर्षभर कुणी काम दिलं नव्हतं, तरी उशाशी वातींचा डबा होता.

"टिकले का दिवे?" तिनं विचारलं.

"टिकले, अक्का. शेवटची गाडी जाईपर्यंत."

"म्हणजे भिजवल्या."

"भिजवल्या."

तिचा चेहरा असा फुलला की मला बघवेना. "मग कळलें त्यांस. नांव काढलें असेल आतां कागदांतून. काढलें ना रे?"

"हो अक्का," मी म्हणालो. "काढलं."

ती कोपरावर उठली, डबा उघडला, बऱ्याच वाती चाचपून एक निवडली आणि माझ्या तळहातावर ठेवली. "मग ही घेऊन जा देवळांत. माझ्यानें चालवत नाहीं. त्यांस सांग, अक्कानें दिली."

मी गेलो. नंदादीपात पुजारी तेल घालत होते आणि पंच खांबाला टेकून जप करत होते. पुजाऱ्यांनी वात बोटांत धरून पाहिली आणि खूश होऊन विचारलं, "सुरेख आहे हो. कुणाची?"

पंचांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

"आमच्या घरची," मी म्हणालो. "बायकोनं वळली."

पुजाऱ्यांनी ती लावली. चौथ्या दिवशी अक्का गेली.