अर्थिंगला पाजलेली घागर

खेळाच्या आवाजासाठी कुणाचं प्यायचं पाणी मातीत ओतावं का? ओल्या कोळशाचा वास आला की लातूर नुकताच जिल्हा झाला तेव्हाचा दुष्काळ आठवतो. गल्लीतल्या व्हिडिओ गेमच्या खोक्यातून गोळीबाराऐवजी नुसती घरघर यायची. मेकॅनिकने अॅम्प्लिफायरची वायर न् वायर तपासली. "वायरीत काय न्हाई, अर्थिंगची तार पुरलेला खड्डा वाळलाय. घागरभर पाणी लागंल," तो म्हणाला. खेळायला ताटकळलेल्या मला गेमच्या मालकाने शेजारच्या मावशीकडे पिटाळलं. "पोरं लई तहानली व्हय रं?" म्हणत तिने टँकरवरून आणलेली घागर दिली. मी खरं सांगितलं नाही. मीठ-कोळसा भरलेल्या त्या खड्ड्याने पाणी गिळलं, आवाज स्वच्छ झाला, पहिला डाव मला मिळाला. रिकामी घागर घेताना मावशीने विचारलं, "समदे पोटभर प्यालात न्हवं?" मी "हाव" म्हणालो. आज पाण्याच्या हक्काची पत्रकं लिहिताना त्या उत्तरापाशी हात अडतो. कुणाकडे पाणी मागाल, तर कशाला हवंय ते आधी सांगा.