श्रद्धांजलीची घाई

पोस्ट टाकून जेमतेम दहा मिनिटं झाली होती. महेशचा फोन आला.

"ताई, अप्पांना काय झालेलं न्हाय. मी आत्ताच त्यांना बघून आलोय. तुम्हाला सांगितलं कुणी?"

धाराशिवच्या एका बातम्यांच्या पेजवर मी उपसंपादक आहे. महेशचे वडील सिद्रामप्पा म्हणजे बेंबळीचे जुने व्यापारी. चार दिवस सोलापूरला आयसीयूत होते. सकाळी एका ग्रुपवर 'अप्पा गेले' एवढंच पडलं. आमच्याकडं त्यांचं बॅनर तयार होतं. बॅनर म्हणजे काळ्या चौकटीतला फोटो, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. मोठा माणूस अत्यवस्थ झाला की आम्ही ते आधीच करून ठेवतो. ऐकायला वाईट वाटतं, पण पद्धत आहे. घरच्यांना विचारल्याशिवाय ते टाकायचं नाही, हीसुद्धा पद्धत आहे. पण 'तुमचे वडील गेले का हो' असं विचारायला जीभ रेटेना. शिवाय दुसऱ्या पेजच्या आधी आपलं पडावं, ही हाव होतीच. म्हणून न विचारताच टाकलं.

संपादकांना सांगितलं. ते म्हणाले, "डिलीट मार. गाजावाजा नको."

"सर, चुकलं म्हणून लिहायला पाहिजे. लोक मातीला निघाले असतील."

"लिहिलं की म्हणतील, हे रोजच चुकतात. डिलीट."

मी डिलीट केली. हे माझं पहिल्यापेक्षा मोठं चुकलं.

पोस्ट गेली, पण लोकांनी काढून ठेवलेले तिचे स्क्रीनशॉट फिरतच राहिले. दिवसभर महेश आयसीयूच्या दारात उभा राहून फोनवर एकेकाला 'अप्पा हायेत' म्हणून सांगत होता. अप्पांची बहीण नीलव्वाक्का लोहाऱ्याहून जीपनं रडत निघाल्या होत्या. त्यांना निम्म्या वाटेतून माघारी फिरवलं. संध्याकाळी मी संपादकांशी भांडून दुरुस्ती टाकली, खाली माझं नाव घालून. तोवर फार उशीर झाला होता. ती फारशी कुणी वाचलीच नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी अप्पा खरंच गेले. या वेळी मी महेशला फोन केला आणि त्यानं सांगितल्यावरच पोस्ट टाकली. पहिलीच कमेंट आली, 'आता तरी खरं का?' तिकडं घरच्यांची धावपळ. नातेवाइकांना कळवायचं काम महेशच्या चुलतभावाकडं होतं. पोस्ट पडलीय, सगळ्यांना कळेल, म्हणून त्यानं बरेच फोन केलेच नाहीत. लोहाऱ्यात सुनेनं मोबाइल पुढं धरला, तर नीलव्वाक्का म्हणाल्या, त्या पेजचं काय खरं नसतंय. दुपारनंतर कुणाचा तरी फोन गेला तेव्हा त्या निघाल्या. पोचेपर्यंत माती झाली होती.

चार दिवसांनी मी बेंबळीला गेले. अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी कोण ते सांगितलं, चूक माझीच होती हेही सांगितलं. त्या शिव्या देतील असं वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"खोट्याला रडत निघाले मी, बाई," त्या म्हणाल्या. "आन् खऱ्याला घरी बसून राह्यले."

पोस्ट डिलीट केली की विषय संपला, असं आमचे संपादक अजून म्हणतात. माझा त्यावर विश्वास उरलेला नाही. खोटी बातमी आम्ही पुसली. तिची शिक्षा खऱ्या बातमीला झाली, आणि भोगली एका बहिणीनं.