सोलिकाची जळजळ

इस्राएलमधल्या येरुहाम गावातल्या शेजारणींच्या मंडळात इनबाल आली, तेव्हा सोलिका अबिटबोल त्रेसष्ट वर्षांची होती आणि मंडळ अकरा वर्षांचं. मंडळ तिनेच काढलेलं. तिचा जन्म शाळेच्या स्वयंपाकघरात गेला होता, भाषणं वगैरे तिने बापजन्मी केली नव्हती. पण घरातच दुफळी माजली. थोरली लेक लग्नानंतर धर्म पाळण्यात इतकी कडक झाली की आईच्या भांड्यातलं खाईना, आणि धाकट्याने धर्माची खूण असलेली डोक्यावरची टोपी उतरवली ती कायमची. शब्बाथच्या, म्हणजे आठवड्याच्या पवित्र विश्रांतीच्या दिवसाच्या, जेवणाला बहीण-भाऊ एका टेबलाशी बसेनात. घरातलं जमलं नाही म्हणून सोलिकाने गावाचं मनावर घेतलं. सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला रोज जाणाऱ्या, कधीच न जाणाऱ्या, रशियाहून आलेल्या, अशा बायकांना ती दर मंगळवारी दुपारी समाजकेंद्रात बोलावू लागली. तोरा या धर्मग्रंथातला त्या आठवड्याचा उतारा वाचायचा आणि जिला जे वाटेल ते तिने बोलायचं. पहिल्या दिवशी चौघी आल्या आणि रव्याचा केक उरला.

पुढे मंडळाने योम किप्पूरच्या, म्हणजे वर्षाच्या क्षमायाचनेच्या दिवसाच्या, उपासाची खुली प्रार्थना सुरू केली. एका बाजूला बायका, दुसरीकडे पुरुष, मधल्या रांगा कोणीही बसावं अशा. एवढं ठरवायलाच तीन बैठका लागल्या होत्या. सोलिका दाराशी उभी राहून येणाऱ्याच्या हातात पान उघडून प्रार्थनेचं पुस्तक देई. प्रार्थनेत लागणारी तोराची हस्तलिखित गुंडाळी तिच्या सिनेगॉगचे धर्मगुरू, रब्बी मसऊद, देत, निव्वळ तिच्या शब्दावर.

इनबाल हैफा शहरातून आलेली संगीतशिक्षिका. चाळिशीच्या आतली. देव आहे की नाही ते मला ठाऊक नाही, असं पहिल्याच दिवशी तोंडावर सांगून मोकळी झाली. दुसऱ्या मंगळवारी तिने एक जुनं स्तोत्र गायलं आणि ल्युदमिला, जिने मंडळात कधी हूं की चूं केलं नव्हतं, ती डोळे पुसायला लागली.  गावातल्या तरुण बायका सोलिकाला मावशी म्हणत. इनबाल सरळ ‘सोलिका, तू’ म्हणे.

उन्हाळा संपेपर्यंत पंचवीसच्या पन्नास बायका झाल्या. पालिकेच्या पत्रकात फोटो छापून आला. मधोमध इनबाल, कडेला सोलिकाचा अर्धा खांदा, आणि खाली अक्षरं, ‘इनबालचं मंडळ’.

प्रॉस्परने, तिच्या नवऱ्याने, चष्मा लावून फोटो निरखला. “खांदा छान आलाय.”

“हस तू.”

“अगं, सगळ्यांना सामावून घ्या, हे तूच सांगतेस ना?”

“घेतेच की. देव न मानणारीला घेते, शब्बाथला गाडी चालवणारीला घेते. हिला कशी घेऊ तेवढं कळत नाही. इथे जळजळतं.”

“सोडा आणू?” प्रॉस्पर म्हणाला. त्याला ते पित्त वाटलं, की वाटल्याचं सोंग केलं, कोण जाणे.

सणांच्या तयारीच्या बैठकीत इनबालने सुचवलं, की उपास लागण्याआधी, सूर्य मावळायच्या आत, गिटारवर दोन गाणी म्हणू. उपासात वाद्य वाजवायला मनाई, म्हणून मग गिटार बंद करून ठेवायची आणि प्रार्थनेला बसायचं. बायकांना कल्पना फार आवडली. सोलिकाही म्हणाली, “सुंदर.” आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती रब्बी मसऊदांकडे गेली.

“तुमच्या कानावर असावं म्हणून सांगते, रब्बी. योम किप्पूरला गिटार वाजणार आहे.”

“योम किप्पूरला?”

“हो.” ‘आधी’ हा एवढासा शब्द तिने गिळला.

रब्बींनी पुस्तक मिटलं. “मग गुंडाळी देता यायची नाही, सोलिका. तुझ्यासाठी वाईट वाटतं.”

“धर्मापुढे आपलं काय चालणार,” ती म्हणाली. घरी येताना तिची पावलं हलकी पडत होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी इनबाल दारात उभी. सोलिका भोपळा चिरत होती.

“उपासात गिटार वाजणार, असं रब्बींना कोणीतरी सांगितलंय. तू सांगितलंस?”

“हो.”

“आधी वाजणार हे तुला माहीत होतं.”

“होतं.”

“मग का?”

सोलिकाने सुरी खाली ठेवली. “तुझा हेवा वाटतो म्हणून. तू आलीस आणि माझं मंडळ तुझं झालं.”

इनबाल दारातून एक पाऊल आत आली. “मग माझ्याशी भांडायचंस. धर्माचं नाव कशाला पुढे केलंस?”

“धर्माला कोणी नाही म्हणत नाही ना.”

“धर्माच्या नावाने माणसं तोडणं थांबावं म्हणूनच तू मंडळ काढलंस, असं मी ऐकलं होतं,” इनबाल म्हणाली आणि ‘बस, चहा घे’ म्हणायच्या आत जिना उतरून गेली.

योम किप्पूरच्या आधीच्या दिवसांत माणसं एकमेकांच्या दारी जाऊन क्षमा मागतात. सोलिका जिन्यातल्या सगळ्या शेजाऱ्यांकडे जाऊन आली होती, ज्यांचं तिने काही बिघडवलं नव्हतं त्यांच्याकडेही. आता ती परत रब्बींकडे गेली आणि गिळलेला शब्द बाहेर काढला.

“मला शंका आलीच होती,” रब्बी म्हणाले. “इतक्या वर्षांत तू कधी कोणाची चुगली घेऊन आली नव्हतीस. हे बघ, त्या बाईचं गाणं मला पटत नाही आणि मी ऐकायलाही येणार नाही. पण सूर्य असेपर्यंत गिटार वाजवायला मनाई नाही. गुंडाळी घेऊन जा. आणि देवाचं जे बिघडवलं असशील ते देव बघेल. तिचं बिघडवलंस, त्याची क्षमा तिच्याकडेच.”

तशीच ती इनबालकडे गेली. गुंडाळीचं सांगितलं, क्षमा मागितली.

“गुंडाळीचं बरं झालं,” इनबाल म्हणाली. “क्षमा आज नाही जमणार. मनात नसताना म्हणू का?”

“नको,” सोलिका म्हणाली.

उपास लागायच्या संध्याकाळी समाजकेंद्रात दोनशे माणसं आली. इनबाल गायली तेव्हा दाराशी पुस्तकं वाटणाऱ्या सोलिकाच्या डोक्यावरून सगळे पुढे बघत होते, आणि तिला पुन्हा जळजळलं. पण गाणं खरंच चांगलं होतं, हेही तिला त्याच क्षणी कबूल करावं लागलं.

हिवाळ्यात एका मंगळवारी राहेल आणि लेआ या बहिणींचा उतारा आला. राहेल बहिणीचा हेवा करू लागली, इथवर वाचून झालं आणि बोलायची पाळी सोलिकाची आली. तिने पन्नास बायकांसमोर सगळं सांगितलं. पत्रक, रब्बी, ‘आधी’ हा शब्द, काही लपवून ठेवलं नाही.  मग ल्युदमिलाने विचारलं, “आणि आता?”

“आता कमी आहे. ती गाते तेव्हा वाढतं.”

बायका गेल्यावर इनबाल खुर्च्या रचायला मागे राहिली. चार-पाच खुर्च्या झाल्यावर ती म्हणाली, “आज माफ केलं. आज मनात आहे.”

सोलिकाने मान हलवली आणि खुर्चीचं दुसरं टोक धरलं. त्या दोघींची मैत्री झाली, असं येरुहाममध्ये कोणी म्हणणार नाही. पण गुंडाळी मागायला रब्बींकडे आता त्या दोघी मिळून जातात, आणि बोलायचं काय ते वाटेतच ठरवतात.