गरुडाच्या पिल्लासाठी बांगडा

आईला हॉस्पिटलमधून घरी आणायच्या आदल्या दिवशी मी पलंग खिडकीशी हलवला. खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. ती बसेल, पण आता चालणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांत उजेड आणि वारा दोन्ही मिळेल अशी तेवढी एकच जागा. फ्रिजच्या दारावर औषधांचा तक्ता लावला, दिवसभरासाठी नर्सिंग ब्यूरोची मावशी ठरवली, ऑफिसातून सुटायची वेळ बदलून घेतली. सगळं बसवलं. फक्त आई जेवेना, आणि ते कुठल्याच तक्त्यात बसत नव्हतं.

माझा धाकटा भाऊ अमेरिकेत असतो. दर रविवारी व्हिडिओवर यायचा आणि आई एकच विचारायची, "कधी येतलंस रे?"

"कागद आले की निघतोच, आई."

त्याची कागदपत्रं अडकली होती. देश सोडला तर परत आत घेतील याची खात्री नव्हती, आणि बायको, मुलं, घराचं कर्ज सगळं तिकडे. मला हे माहीत होतं. आईलाही सांगितलं होतं. ती मान डोलवायची आणि पुढच्या रविवारी पुन्हा विचारायची. तो येईपर्यंत तिला टिकवायचं, एवढंच काम माझ्यापुढे होतं.

एकदा त्यानं मला एक लिंक पाठवली. त्याच्या गावापासून काही तासांवर एका उंच झाडावर गरुडाचं घरटं होतं आणि त्यावर कायमचा कॅमेरा. "आईला दाखव. वेळ जाईल तिचा," असं लिहिलं होतं. मला रागच आला. स्वतः येत नाही आणि पक्षी पाठवतो! तरी संध्याकाळी टॅब तिच्या मांडीवर ठेवला.

पडदा सगळा पांढरा. रात्री बर्फ पडून घरटं बुजलं होतं. मग त्या पांढऱ्यातलं एक डोकं हललं आणि पिवळी चोच दिसली. मादी अंड्यांवर बसून होती, पाठीवर बर्फाचा थर.

"गो बाय, ही घार गाडली गेली!"

"घार नाही आई, गरुड आहे."

"गरुड विष्णूचो. ही मासो खाता ना? मग घारच."

आईनं टॅब जवळ ओढला. म्हणाली, "तुझ्या भावाकडे पण इतकीच थंडी आसतली?"

"त्याच्या घरात हीटर आहे."

"आणि कामाक जाताना?"

मी भाताचा घास पुढे केला. तिनं पडद्यावरची नजर न काढता तो खाल्ला.

तेव्हापासून ते रोजचंच झालं. आपली संध्याकाळ म्हणजे त्यांची सकाळ. नर पायात मासा धरून यायचा, मादी तो फाडायची. आई ते बघत बघत चार घास जास्त खायची. मावशी मला म्हणाली, "ताई, तुमच्या आई दिवसभर माझ्याशी दोन शब्द बोलत नाहीत, आणि त्या पाखराला मात्र सगळी घरची हकीकत सांगतात. माझीसुद्धा!"

पिल्लं दोन निघाली. धाकटं मागून निघालं, आकारानंही लहान. घरट्यात मासा आला की मोठं त्याच्या डोक्यावर टोचे मारायचं. ते मान खाली घालून घरट्याच्या कडेला पडून राहायचं. तोवर मासा संपायचा.

"हाकल गो त्या मोठ्याक! बघत काय रवलंस?" आई त्या मादीवर ओरडायची.

"निसर्ग आहे आई. जोर असतो तोच जगतो."

"तू मोठी. तू तसाच म्हणतलंस," ती म्हणाली.

मी ताट उचलून आत गेले.

दुसऱ्या दिवशी बांगडा होता. आईनं डोकं आणि लगतचा तुकडा वेगळा काढला आणि म्हणाली, "ह्यो खिडकीच्या ग्रिलवर ठेव. धाकट्याक."

"आई, ते पिल्लू कुठे, आपण कुठे. तिथं कसं पोचणार?"

"पितरांक पोचता ना? ते तर त्याच्याहून लांब. मग ह्येका कशाक पोचूचा नाय?"

मी तुकडा ठेवला. समोरच्या बिल्डिंगच्या टाकीवर बसणारी घार आली, झडप घालून घेऊन गेली. आईनं उरलेलं जेवण न सांगता संपवलं. मला तेवढं पुरेसं होतं. मग रोज ग्रिलवर काहीतरी जायला लागलं. खालच्या मजल्यावरच्या बाई काटा चिकटलेला ड्रेस घेऊन वर आल्या, तेव्हा मी ग्रिलला तारेनं एक ट्रे बांधून टाकला.

एका संध्याकाळी घरट्यात एकच पिल्लू होतं.

"कॅमेरो जरा बाजूक घे. माका धाकटो दिसना नाय."

"तो आपल्या हातात नाही, आई. असेल पलीकडच्या कडेला."

नर मासा घेऊन आला, मोठ्यानं एकट्यानं खाल्ला. टोचायला कोणी नव्हतं. मी ताटातला वेगळा काढलेला तुकडा परत तिच्या भातावर ठेवायला गेले, तर तिनं माझा हात धरला.

"ठेव ग्रिलवर. लांब गेलो म्हणून जेवूचो नाय काय?"

स्वतः त्या दिवशी दोनच घास खाल्ले.

त्या रविवारी भाऊ नेहमीप्रमाणे व्हिडिओवर आला. आईनं "जेवलंस?" एवढंच विचारलं आणि फोन माझ्याकडे दिला. नंतर त्याचा मेसेज आला, "आज आईनं विचारलं नाही?" मी लिहिलं, "नाही."

पावसाळ्यात मोठं पिल्लू उडून गेलं. काही दिवस परत येऊन बसायचं, मग तेही बंद झालं. कॅमेरा मात्र चालूच. काटक्या, वाळलेलं गवत, एखादं पीस.

"बंद करू?"

"नको. ऱ्हवांदे."

मग तिनं जेवण सोडलं. बोलून नाही, तोंड मिटून. डॉक्टरांनी नळी घालायचं विचारलं. तिनं हातानंच नको म्हटलं. भाऊ फोनवर म्हणाला, "काय व्हायचं ते होवो, मी निघतो." सकाळी निघतो, दुपारी वकिलाशी बोलतो, रात्री पुन्हा निघतो, असं दोन दिवस चाललं. शेवटी मीच म्हटलं, "येऊ नकोस." आई पाऊस संपता संपता गेली.

स्मशानात मी फोन धरून उभी होते. "ताई, जरा उजवीकडे कर, मला चेहरा दिसत नाहीये," तो म्हणाला. मी केला.

सुतक फिटल्यानंतरच्या रविवारी त्याचा फोन आला. बँकेसाठी त्याची सही हवी होती, मी तेच सांगायला लागले. त्यानं थांबवलं.

"ताई, काल खूप लांब गाडी मारून फ्रोझन बांगडा आणला. तळून आईसाठी बाल्कनीत ठेवला. पानावर, सगळं नीट."

"मग?"

"इथं कावळे येतच नाहीत गं. एक खार आली, वास घेतला, निघून गेली. सकाळपासून बसलो होतो. मुलं हसत होती."

"मग काय केलंस?"

"मग मीच खाल्ला. तिथंच बसून. चालतं का गं असं?"

बाहेर ट्रेच्या कडेवर घार येऊन बसली होती. ट्रे रिकामा होता.

"चालतं," मी म्हटलं. "पोटभर जेवलास ना?"