मूर्ती नसलेली देवळी

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर वरदा जराशी आडवी होते. झोप आलेली नाही, पण पापण्या जड झाल्यात. डोक्यात बारवेचा अहवाल घोळतोय. उद्या तो नगरपालिकेला द्यायचाय, आणि त्यातलं शेवटचं वाक्य तिनं सगळ्यात आधी लिहून ठेवलंय: वारसा जपण्यासाठी बारवेच्या तोंडाशी लोखंडी दार बसवून कुलूप लावावं. विहिरीत उतरणाऱ्या याच बारवेच्या पायऱ्यांवर तिची थोरली बहीण उल्का शेवाळावरून घसरून पडली आणि गेली. भूगर्भशास्त्र शिकलेल्या वरदानं ताईच्या सासरच्या गावची ही बारव कामासाठी मागून घेतली, ती या कुलपासाठीच.

घसा कोरडा पडलाय म्हणून ती उठते. म्हणजे उठल्यासारखं वाटतं. दार उघडून जिन्यात येते. या इमारतीत राहायला आल्यापासून जिन्यात तिला कधी कुणी भेटलेलं नाही. सगळे लिफ्टनं जातात आणि लिफ्टमधल्या आरशाकडे बघत राहतात. ती उतरू लागते. पायऱ्या काळ्या होत जातात, उंच होत जातात. खाली हिरवट पाणी आहे. तिच्या कमरेवर रिकामी घागर आहे.

समोरून उल्काताई वर येतेय. डोक्यावर घागर, पदर खोचलेला.

"सरक की गं," ती म्हणते. "भरलेली आहे, दिसत नाही?"

वाट जेमतेम एकीपुरती. मागे भिंतीत माणसाएवढी देवळी आहे, वरदा तिच्यात शिरते. खांदे बरोबर बसतात. ही देवळी तिनं स्वतः मोजलीय, फोटो काढलेत आणि अहवालात लिहिलंय की आतली मूर्ती चोरीला गेली असावी.

"चोरीला?" ताई हसते. वरदानं तर तोंडही उघडलेलं नाही. "अगं बाई! मग ही कोण उभीय आत, चष्मा लावून?"

वरदा कानापर्यंत लाल होते. "मूर्तीची नाहीये ही. वाट द्यायची आहे."

"रिकामीनं आत व्हायचं, भरलेलीला जाऊ द्यायचं. पण समोरासमोर आल्यावर गप्प बसवतं होय? लग्न होऊन आले तेव्हा मी इथंच उभी होते. मोमीनपुऱ्यातली शकीलाबी वर येत होती. म्हणाली, 'नवी दिसतेस. रडून आलीस का?' घरात कुणी विचारलं नव्हतं."

"आता नळ आलेत, ताई."

"बोअरचं पाणी ते. डाळ शिजते त्यात? तू सायन्सवाली, तूच सांग."

शिजत नाही. वरदाला ठाऊक आहे, पाण्यातला चुना डाळ मऊ होऊ देत नाही. म्हणून माळीवाडा असो की मोमीनपुरा, डाळीपुरतं पाणी न्यायला सगळ्या अजून इथंच उतरतात.

"तू दार लावतेयस म्हणे," ताई म्हणते.

"तू इथं पडलीस."

"पडले. शेवाळ होतं, धरायला काही नव्हतं." ताईच्या डोक्यावरचं पाणी हलतं, सांडत नाही. "शकीलाबी धावत आली. शेवटपर्यंत माझा हात तिच्या हातात होता. तुला वाटतं तशी एकटी नव्हते गं मी."

वरदा रिकामी घागर पोटाशी धरते. मग ती म्हणते, "मी आहे ना एकटी."

"ते दिसतंय. जिन्यात उभी राहत जा जरा."

ताई पुढे होते. तिचा खांदा वरदाला आत रेटतो, थंड, काळ्या दगडावर वरदाचं कोपर घासतं. तेल लावलेल्या केसांचा वास येतो.

"थांब ना, ताई. एवढ्यात काय?"

"भरलेली घेऊन कुणी थांबतं का, वेडे?"

पावलं वर जातात. वर ऊन आहे आणि बायकांचे आवाज आहेत, सगळ्या एकदम बोलताहेत.

वरदा डोळे उघडते. पंखा फिरतोय. इमारतीत कुणाचाही आवाज नाही. ती लॅपटॉप जवळ ओढते आणि दाराचं, कुलपाचं वाक्य पुसून टाकते. तिथं लिहिते: पावसाळ्यानंतर पायऱ्यांवरचं शेवाळ काढावं. हाताला धरायला कठडा बसवावा. बारव उघडी ठेवावी.

लिहिताना कोपर टेबलाला टेकतं आणि झोंबतं. ती हात वळवून बघते. खरचटलंय. या घराच्या भिंती हात फिरवावा तर गुळगुळीत आहेत. ती जखमेवरून अलगद बोट फिरवते, खिडकीशी जाऊन बोट उजेडात धरते.

काळ्या दगडाची बारीक कच. बेसॉल्ट आहे, हे सांगायला तिला भिंग लागत नाही.